अकराव्या भावाची रेघ

—नको, त्या स्टुलावर नका बसू साहेब, त्याच्यावर आजवर काय काय सांडलंय ते मला माहितीये. ही घ्या, ही खुर्ची. थांबा, पुसते. हां, बसा आता. आणि तो कागद ओट्यावर नका ठेवू, ओलं आहे—मांडीवरच असू दे. सही करते म्हटलं ना, पळून जात नाही मी कुठं, पण आधी हात धुऊ द्या. सकाळपासनं दहाव्यांदा धुतेय. वास येतोय ना? येणारच. सडक्या अंड्यासारखा वाटतो, पण अंडं नाही ते, औषध आहे एक, प्रोटीनच्या घड्या उलगडायला घालतात. बाटली उघडली की जिन्यापर्यंत जातो. नवीन पोरं पहिल्या दिवशी ओकतात. मला नाही काही वाटत त्या वासाचं, सव्वीस वर्षं झाली—मला किळस येते ती माणसांची. तुम्ही विचारलंत ना, मावशी, सहीच्या आधी काही सांगायचंय का? हेच सांगायचंय. शिसारी आलीये मला. ह्या खोलीची, ह्या माशांच्या टाक्यांची, वरच्या मजल्यावर दार लावून बसलेल्या त्या माणसाची. हे नका लिहू. हे लिहायचं नाहीये.

कागद वाचला मी, दोनदा वाचला. सरांनीच टाइप करून पाठवलाय ना? भाषा ओळखते मी त्यांची. 'सदर छायाचित्राची काटछाट संबंधित विद्यार्थिनीने कोणासही न विचारता केली, याची मला व्यक्तिशः माहिती आहे.' व्यक्तिशः! आणि खाली माझ्या सहीला जागा, टिंबं टिंबं टिंबं. संबंधित विद्यार्थिनी बाहेर बाकावर बसलीये, पाहिलीत ना येताना? करडा स्वेटर, पेन्सिल चावत बसलेली. खारूताई म्हणतात तिला सगळे, सरांनीच ठेवलेलं नाव, काहीतरी सारखी कुरतडत असते म्हणून. लाडानं ठेवलेलं हां, तेव्हा लाडकी होती. आता परवा तुमच्या समितीची बैठक, हा कागद तिथं गेला की तिची पदवी गेली, पाच वर्षांचं काम गेलं, आणि पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत तिला कोणी दारातसुद्धा उभं करणार नाही. खोटं छायाचित्र छापणारी म्हणून नावच पडेल. आणि सर? सर समितीपुढं मान हलवत बसतील, फार वाईट वाटलं म्हणतील, पोरीवर विश्वास टाकला म्हणतील. शी! पाणी देऊ का तुम्हाला? नको, इथलं नकाच पिऊ.

तुम्हाला मुळात भानगड काय ते कळलंय का? नाही ना? वाटलंच. ऑफिसातनं फाइल घेऊन आलात, आत काय आहे ते कोण सांगणार तुम्हाला. ऐका, सोपं आहे, मी तर बाटल्या धुवायला आले होते इथं, मला कळलं तर तुम्हाला कळायला काय झालं. तर—शरीरात जिथं जाल तिथं डीएनए तोच. तोच म्हणजे अगदी तोच. मग डोळ्याचा डोळा का होतो आणि नखाचं नखच का राहतं? कारण कुठला जीन कुठं चालू ठेवायचा आणि कुठं बंद, ते ठरवणारी प्रोटीनं असतात. दिव्यांची बटणं दाबत फिरणारी माणसं समजा. आमच्याकडे अशा एका खानदानावर काम चालतं. अकरा भाऊ आहेत. पूर्वी एकच होता—मासा नव्हता तेव्हा, ससा नव्हता, तुम्ही-आम्ही तर नव्हतोच. मग पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होता होता कधीतरी गफलत झाली आणि एकाचे दोन झाले. आता घरात एकाच कामाला दोन माणसं झाली की काय होतं? एक जुनं काम ओढत राहतो, दुसरा रिकामटेकडा. पण रिकामटेकड्याचं एक बरं असतं—त्याच्यावाचून कोणाचं अडत नाही, म्हणून त्याला बिघडायची मुभा. बहुतेक बिघडून बिघडून नाहीसेच होतात. एखादा मात्र बिघडता बिघडता नवंच काम शिकतो, मग पुढं त्याचेही दोन होतात. असं होत होत अकरा झाले, आणि ते तुमच्या-माझ्या अंगातही आहेत, थोड्याफार फरकानं.

आणि दिसतात कसे? दिसत नाहीत हो, पण समजा—प्रत्येकाला एक पंजा आणि एक शेपूट. पंजानं डीएनए धरायचा, शेपटीनं सांगायचं, चालू की बंद. पंजात जस्ताचा एक कण असतो, बादल्यांना लावतात तेच जस्त. तो कण काढून घेतला की पंजा ढिला पडतो, धरता येत नाही काही. आणि पंजा बिघडला की सगळंच बिघडलं, जीव वाढणारच नाही, म्हणून कोट्यवधी वर्षांत पंजा फारसा बदललेलाच नाही. अकराही भावांचा पंजा जवळजवळ एकसारखा. शेपट्या मात्र ज्याच्या त्याच्या निराळ्या. म्हणजे भाऊ ओळखायचा तर शेपटीवरनं ओळखायचा. पंजावरनं ओळखायला गेलात तर अकराच्या अकरा 'मीच तो' म्हणून पुढं येतील. एवढं ध्यानात घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

हे मला कोणी शिकवलं माहितीये? सरांनी. तेव्हा ते मोठे झाले नव्हते, केस होते डोक्यावर, आणि एका दुपारी वीज गेली, काम थांबलं, तर बसल्या बसल्या फळ्यावर त्यांनी सगळं झाड काढलं—खोड, फांद्या, टोकाला अकरा पानं—आणि मला म्हणाले, मावशी, कळतंय का? मी एकतीस वर्षांची होते हो, कसली मावशी, पण ते असो. कळतंय म्हटलं. आणि खरंच कळलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो जेवता जेवता हो हो म्हणाला आणि झोपला. पण मला झोप लागली नाही, इतकं छान वाटलं होतं. बाटल्या धुणाऱ्या बाईला फळ्यापाशी उभं करून कोणी समजावतं का? त्यांनी समजावलं. मग हळूहळू हाताखाली घेतलं, मोजमाप शिकवलं, सशाचं रक्त काढायला शिकवलं. म्हणून तर जास्त घाण वाटते. पहिल्यापासनंच नालायक असलेल्या माणसाचं एवढं काही वाटत नाही.

हां, तर अकरावा. ह्या टाक्यांतले मासे बघितलेत? बोटाएवढे. ह्यांच्या हृदयाचा तुकडा कापला ना, तर दोनेक महिन्यांत भरून येतो. आपलं नाही भरत, ह्यांचं भरतं. आणि सरांचं म्हणणं असं, की जखम झाली की अकरा भावांतला एकटा अकरावा हृदयात उठतो, बाकीचे झोपलेले असतात, आणि हा जाऊन जखम भरायची बटणं दाबतो. कोण कुठं उठतो आणि केव्हा उठतो, सगळा खेळ तेवढ्याचाच असतो इथं. छापून आलं ते. पेपरात आलं, सरांचा फोटो, खाली 'हृदय जोडणारे प्रोटीन'. सत्कार झाले. आता दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तेच सगळं करून बघितलं तर अकरावा काही त्यांना हृदयात दिसेना! त्यांना दिसला चौथा. म्हणून त्यांनी सभ्यपणे पत्र लिहिलं—तुम्ही छापलेल्या छायाचित्राची अख्खी फिल्म दाखवा. आणि अख्खी फिल्म म्हटल्यावर सरांनी काखा वर केल्या. म्हणाले, काप विद्यार्थिनीनं केला, मला कल्पना नाही. कल्पना नाही! त्या दिवशी ते इथं उभे होते, तुम्ही बसलात ना, बरोबर तिथं.

सांगते, क्रमानं सांगते. भाऊ ओळखायला ससा लागतो. ज्या भावाला शोधायचंय त्याचा तुकडा सशाला टोचायचा, पुन्हा टोचायचा, मग त्याच्या रक्तात तो तुकडा ओळखून धरणारी अँटिबॉडी तयार होते. रक्त काढायचं, गोठू द्यायचं, वर जे पिवळट पाणी सुटतं ते सीरम. आमच्याकडे दोन ससे होते. ठिपक्याला पंजाचा तुकडा टोचलेला, त्यामुळे त्याचं सीरम अकराही भावांना सरसकट धरायचं. आणि पांढऱ्याला टोचलेली फक्त अकराव्याची शेपूट—त्याचं सीरम एकट्या अकराव्याला धरणार, बाकी कोणाकडे ढुंकून बघणार नाही. ठिपक्या दांडगा होता, चावका. पांढरा गरीब. कानामागं खाजवलं की डोळे मिटायचा, आणि त्याच कानाच्या शिरेत मी सुई घालायची. तो अवचित गेला एक दिवस, पिंजऱ्यात कडक होऊन पडलेला. ठिपक्याच्या पन्नासेक नळ्या भरल्या होत्या, पांढऱ्याच्या दोन. दोनच. पहिली खारूताईच्या सुरुवातीच्या चाचण्यांत संपली—हृदयावर नाही, नुसत्या शुद्ध अकराव्यावर, सीरम नीट धरतं का ते बघायला—तेव्हा कशी छान एकच रेघ यायची, काजळाच्या बोटासारखी. दुसरी मी फ्रीजरमध्ये तळाला ठेवली होती, माझ्या हातानं. माझं सगळं जागच्या जागी असतं, विचारा कोणालाही.

आता ती फिल्म. माशांची हृदयं काढायची—ते खारूताई करायची, इतका हलका हात तिचा, मासा परत पोहायला लागायचा तरी त्याला कळलेलं नसायचं असं आम्ही म्हणायचो—म्हणजे जखम करताना हो, काढताना मरतोच. मग वाटायची, त्या सडक्या औषधात उकळायची, जेलीसारख्या एका थरातनं वीज सोडून पळवायची; लहान प्रोटीन पुढं पळतं, मोठं मागं राहतं. मग कागदावर उतरवायचं, तो कागद दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, त्या दुधाला नंतर असा आंबूस वास सुटतो की विचारू नका, मग सीरम ओतायचं, धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म लावायची. ज्या उंचीवर भाऊ थांबला असेल तिथं काळी रेघ उमटते. एक भाऊ, एक रेघ. तर त्या दिवशी खारूताई फिल्म घेऊन बाहेर आली, उजेडाला धरली, आणि जखमी हृदयाच्या रकान्यात तीन रेघा. म्हणाली, मावशी, आधी तर एकच यायची. तेवढ्यात सर आले. हातात बिस्किट, चुरा सगळा मिशीत अडकलेला. बघितलं न बघितलं आणि म्हणाले, वरच्या दोन म्हणजे घाण आहे, हृदय तेलकट असतं, काहीबाही चिकटतं, खालची आपली. खालचीच अकराव्याची. ती म्हणाली, सर, अख्खी छापू या ना, खाली तसं लिहू या. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळले. मावशी, म्हणाले, तुमचा हात सरळ चालतो, तेवढी खालची पट्टी काढून द्या.

आणि कापली कोणी? मी. मी कापली, साहेब. काच घेतली, पट्टी घेतली, नवीन पातं लावलं, आणि बोटभर रुंदीची चिंधी कापून त्यांच्या हातात दिली, नीट, कडा कुठं फाटू न देता. ती छापली. ती दोन वर्षं जगभर फिरतेय. आता कळलं ना 'व्यक्तिशः माहिती' कशी आहे ती? पोरगी बाजूला उभी राहून पेन्सिल चावत होती, तिनं हातही लावला नाही. हे लिहा. हे लिहायचंय. कापायला सरांनी सांगितलं, कापली मावशीनं, विद्यार्थिनीनं नको म्हटलं होतं. लिहिलंत? लिहा, मी थांबते. ह्या टिंबांवर मी सही करत नाही, त्यांना सांगा वर जाऊन. किती हलकं वाटतंय! दोन वर्षं मिठाची गुळणी धरून बसले होते. चार महिन्यांत निवृत्त होणार मी, काय करतील करून करून? मला वाटलं होतं बोलायला जमणारच नाही. बघा, जमलं की.

काय? काय म्हणालात? तीन रेघा मुळात आल्याच का?

का म्हणजे काय, साहेब—हा तुमचा प्रश्न नाही. हा शास्त्रज्ञांचा प्रश्न झाला. तुम्ही छायाचित्राची चौकशी करायला आलात ना, ते सांगितलं मी. हृदय तेलकट असतं, हे सरांचं खोटं नाही, असतंच ते तेलकट. येतात रेघा. आणि इथं शिस्त कुठंय कोणाला? तो फ्रीज उघडून दाखवू? कोणाचं काय, कधीचं, कोणी नाव घालत नाही, पेनानं लिहितात आणि स्पिरिट लागलं की पुसून जातं, आत बुरशी धरलीये, केसाळ बुरशी, मी साफ करायची म्हणजे. नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि खुशाल निघून जायचं. बर्फ काय तुमची वाट बघत बसतो? सीरम दोन दिवस बाहेर राहिलं तर काय होतं माहितीये? आधी गढूळ होतं, मग तळाला शेंबडासारखं बसतं, आणि वास—मेलेल्या जनावराचा आणि ओल्या फडक्याचा मिळून जो होईल तो. सोमवारी मी झाकण काढलं आणि मला तिथंच बेसिनमध्ये ओकारी—

कोणतं? कोणतं तरी. जुनी गोष्ट आहे. इथं काय एक सीरम असतं का. नाही नाही, पांढऱ्याचं कसं असेल, पांढऱ्याच्या तर दोनच—हो, दोनच नळ्या होत्या, मीच सांगितलं. पहिली चाचण्यांत संपली, तेही मीच सांगितलं. आणि दुसरी फ्रीजरमध्ये तळाला. मग ती—त्या फिल्मला तीच वापरली. तीच. म्हणजे नळी तीच. तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे. तुम्हाला तर मघाशी पंजा आणि शेपूट कळत नव्हतं, आता एकदम बरोबर कसं बोट ठेवता? पेन खाली ठेवा जरा. हात धुते मी.

—शुक्रवार होता. सरांना पहिला पुरस्कार मिळाला तो शुक्रवार, छापून यायच्या आधीचा, दुसऱ्याच कामाचा. दुपारी मी पांढऱ्याची दुसरी नळी बाहेर काढली होती, लहान लहान भाग करून ठेवणार होते, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावी लागू नये. एवढी जपत होते बघा. आणि वरनं निरोप आला, फोटोवाला आलाय, सर म्हणतायत मावशींनाही घ्या. मावशींनाही! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी एप्रन काढला, त्याच्यावर डाग होते ना. बाथरूममध्ये जाऊन केस नीट केले. पिना सापडेनात, तर तळमजल्यावरच्या बाईकडे मागून आणल्या. मग फोटो, मग केक, मग सर सगळ्यांसमोर म्हणाले, ह्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. तिथनंच घरी गेले. नाचतच गेले म्हणा ना. नळी बर्फात. शनिवार, रविवार. तो फोटो लावलाय खालच्या व्हरांड्यात, डावीकडनं शेवटची मी, दात काढून हसतेय. रोज तिथनं जाते मी, तिकडे बघत नाही.

सोमवारी ते तसं निघालं. ओतून दिलं. एवढा गरीब प्राणी, त्याचा कान टोचून टोचून काढलेलं, आणि दुसरा ससा तयार करायचा म्हणजे सात-आठ महिने, आणि सर विचारणार, मावशी, कसं झालं? काय सांगणार होते? केस नीट करायला गेले होते? मग मी नळी धुतली, उकळली, आणि ठिपक्याचं ओतलं त्यात. चिकटपट्टी तीच ठेवली, 'पांढरा, शेपूट', माझ्याच अक्षरातली. नवीन लावली असती तर कोणी विचारलं असतं. मनाला म्हटलं, काय बिघडलं, हेही अकराव्याला धरतंच की! धरतंच. ते काही खोटं नाही. फक्त बाकीच्या दहा जणांनाही धरतं. आणि चौथा आणि अकरावा उंचीला जवळजवळ सारखे, केसाइतका फरक, त्या थरात नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणजे सरांनी अकराव्याची म्हणून जी खालची रेघ छापली, ती चौथ्याची होती. अकरावा तिथं नव्हताच. कधीच नव्हता. वरच्या दोन घाण नव्हत्या, तेही भाऊच होते, आपापल्या जागी. फिल्म खरं सांगत होती हो. खोटं नळीवर लिहिलेलं होतं.

सरांना माहीत नाही हे. आजसुद्धा नाही. त्यांना खरंच वाटतं की पोरीनं काहीतरी गोलमाल केला असणार, नाहीतर दुसऱ्यांना का येत नाही? म्हणून तर बिनधास्त तिच्यावर खापर फोडतायत. नालायक आहेतच ते, पट्टी कापायला त्यांनीच सांगितलं, आणि आता शेपूट घालून वर बसलेत, त्यातलं काही मी मागं घेत नाही. पण त्यांच्या नालायकपणाच्या आधी माझा आहे. मघाशी मी एवढी तावातावानं बोलले ना, ती कापल्याची गोष्ट? तेवढंच सांगून उठणार होते. खरं सांगते. तेवढ्यानं पोरगी सुटली असती आणि मीही. ऐकायला कसं चांगलं वाटतं, म्हाताऱ्या मावशीनं शेवटी तोंड उघडलं. शी, स्वतःचाच आवाज ऐकून मघाशी मला बरं वाटत होतं.

तिनं मला विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. फिल्म बाहेर आली तेव्हा, दुसऱ्या दिवशी, आणि मग महिन्यानं जेव्हा एकदा तीनच्या चार रेघा आल्या तेव्हा. मावशी, सीरम तेच ना? मी म्हटलं, तेच. मावशी, पांढऱ्याचंच ना? हो गं बाई, पांढऱ्याचंच, आता लेबल वाचता येत नाही का? असं म्हणाले मी तिला, वैतागून. ती ओशाळली. माफ करा म्हणाली. मग तिला वाटायला लागलं, आपल्याच हातात दोष आहे. हात कापतो की काय म्हणून डॉक्टरकडे जाऊन आली, ठाऊक आहे? कसल्या कसल्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. मला येऊन सांगितलं, मावशी, हात चांगले आहेत म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं. आणि चहा प्यायले तिच्याबरोबर.

लिहा. सगळं लिहा, पट्टीचंही आणि नळीचंही, नळीचं आधी लिहा. फ्रीजरमध्ये ती नळी अजून आहे, थोडं उरलंय तळाला. कोणालाही तपासू द्या, एका दिवसात कळेल त्यात कोण आहे ते. माझ्यासमोर न्या, पेटीत बर्फ घालून. आणा, पेन आणा इकडे. ह्या टाइप केलेल्यावर नाही, तुमच्या त्या हातानं लिहिलेल्यावर. इथं? पूर्ण नाव ना? झालं. बाकी माझं काय करायचं ते समिती करू दे.

तिला? नाही. तिला मी नाही सांगणार, तुम्ही वाचून दाखवा, ते तुमचं काम आहे. मला आत बोलवून तिच्यासमोर उभं करू नका. का म्हणजे? तुम्ही तिचा प्रबंध वाचलात का? फाइलमध्ये असेल बघा तुमच्या, ते जाडजूड. आत काही वाचू नका, पहिलं पान बघा फक्त, आभाराचं. वर सर, नेहमीचंच. मग आईवडील. आणि सगळ्यात शेवटी मी आहे. मला पाठ आहे ते. 'मावशींचे आभार; त्यांनी हातात दिलेली नळी मला कधीच पुन्हा तपासावी लागली नाही.'

उठा साहेब. झालं तुमचं काम. जा आता. जा म्हणते ना—आणि दार लावून घ्या.